ऐकण्याचा रियाज
प्रस्तावना

१९६६ साली लंडनमध्ये ‘इंडो-जॅझ स्वीट’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यात दहा वादक आहेत, पाच-पाचांच्या दोन चमूंत. एका चमूचे म्होरके जमैकाहून आलेले आल्टो सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. त्यांच्याबरोबर ट्रम्पेट, पियानो, डबल बेस आणि ड्रम्स. दुसऱ्या चमूत कलकत्त्याचे जॉन मेयर व्हायोलिन आणि हार्प्सिकॉर्डवर, ख्रिस टेलर बासरीवर, दिवाण मोतीहार सतारीवर, चंद्रहास पैगणकर तंबोऱ्यावर आणि मुंबईचे केशव साठे तबल्यावर. चार रचनांपैकी दोहोंची नावं ‘राग मेघ’ आणि ‘राग गौड सारंग’ अशी आहेत.

हे दहाही जण आपापल्या विद्येत पक्के होते. तरीही या ध्वनिमुद्रिकेत कुणाचंच निव्वळ आधीच्या मेहनतीवर भागणार नव्हतं. सॅक्सोफोनला कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांच्या, सवयीच्या वाटा सोडून ठरावीक स्वरांच्या चौकटीत राहायचं होतं. तबल्याला ड्रम्सच्या शेजारी जागा शोधायची होती, तीही ड्रम्सची जागा न अडवता. मेयर यांनी लिहून आणलेली स्वरलिपी आणि ऐनवेळी सुचणारं वादन यांचा सांधा प्रत्येकाला जुळवायचा होता. एरवीच्या रियाजाने हात तयार झाले होते. इथे कान नव्याने तयार करावे लागले.

जॅझवादक कसा वाढतो, हा या लेखसंग्रहाचा विषय आहे आणि त्यासाठी मी ब्रिटन हा देश निवडला आहे. जॅझचा जन्म तिथला नाही. तिथल्या वादकांना ही विद्या दुरून, तबकड्यांवरून, अडचणींतून मिळवावी लागली. म्हणूनच ती मिळवायची कशी आणि मिळवून झाल्यावर स्वतःची करायची कशी, हे दोन्ही प्रश्न त्यांच्यासमोर लख्ख उभे राहिले. त्यांच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या खटपटीतून मला जे दिसलं ते सुरुवातीलाच सांगतो. जॅझमधला एकट्याचा रियाज ही दुसऱ्याचं ऐकता यावं म्हणून केलेली तयारी असते. वादकाचा स्वतःचा आवाज त्याला चार जणांत बसून, त्यांना उत्तर देता देता सापडतो. आणि अशी बैठक रोजच्या रोज घडेल अशी जागा शहरात नसेल, तर कितीही गुणी वादक अर्ध्यावर थांबतो.

आपल्याकडे रियाजाची जी प्रतिमा रुजलेली आहे तिच्यात एकांत फार मोठा आहे. पहाटेचा खर्ज, चाळीस दिवसांचा चिल्ला, बंद खोलीतले पलटे. जॅझमध्येही हा एकांत आहे. सॅक्सोफोनवादक रोज एकेक स्वर दमसासभर धरून ठेवतो, कारण त्याशिवाय स्वराला गोलाई येत नाही. एकच तान तो बाराही स्वरांना ‘सा’ मानून वाजवतो. मेट्रोनोम लावतो, पण त्याचा ठोका चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो असं धरून चालतो. पहिली आणि तिसरी त्याने स्वतः मनात तोलायची असते. आणि एखाद्या थोर वादकाचा सोलो तो कानाने उचलतो. आधी ऐकतो, मग गातो, मग वाद्यावर काढतो. गायल्याशिवाय वाजवायचं नाही, हा या कामातला महत्त्वाचा दंडक आहे. कारण बोटांना आठवतो तो स्वरांचा क्रम. गळ्याला त्या स्वरांमधला श्वास, जोर आणि किंचित मागे रेंगाळणारी लयही आठवते.

मराठी संगीतप्रेमी वाचकाला जॅझच्या चौकटीची ओळख आपल्या तालावरून पटकन होईल. जॅझमधली पुष्कळ गाणी ३२ बारांची असतात आणि दर बारात ४ मात्रा, म्हणजे एका फेरीत १२८ मात्रा. तीनतालाची ८ आवर्तनं बरोबर तेवढीच भरतात. या फेरीला कोरस म्हणतात. एकाच कोरसवर वादक पुन्हापुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी नवं काही मांडतो. गाण्याचे आठ-आठ बारांचे चार भाग असतात. पहिला, दुसरा आणि चौथा बहुधा सारखे; तिसरा निराळा. जॉर्ज गर्श्विन यांच्या १९३० सालच्या ‘आय गॉट ऱ्हिदम’ या गाण्याच्या साच्यावर जॅझवाल्यांनी असंख्य नव्या रचना बांधल्या. त्याच्या तिसऱ्या भागात दर दोन बारांनी आधाराचा स्वर बदलतो. इथे आपल्याला खरा फरक जाणवतो. आपला ‘सा’ तंबोऱ्यात अढळ असतो. जॅझवादकाच्या पायाखालची जमीन सतत सरकत असते.

या सरकत्या जमिनीवर चालण्याचा सगळ्यात जुना आणि उपयोगी पाठ असा: प्रत्येक कॉर्डमधले, पायाच्या स्वरापासून मोजलेले, तिसरा आणि सातवा हे दोनच स्वर धरायचे. सी या पट्टीला ‘सा’ मानू. ‘डी मायनर सेव्हन’ या कॉर्डमध्ये हे दोन स्वर आहेत म आणि सा. पुढच्या ‘जी सेव्हन’ला म जागेवर राहतो आणि सा अर्धस्वराने उतरून शुद्ध नी होतो. त्यापुढच्या ‘सी मेजर सेव्हन’ला नी जागेवर राहतो आणि म उतरून शुद्ध ग होतो. दर वेळी एक स्वर थांबतो, दुसरा एक पायरी उतरतो. हार्मोनियमवर हे कुणीही घरी वाजवून पाहावं. तीन कॉर्डच्या या वळणावर जॅझमधली किती गाणी उभी आहेत ते मग उमगू लागतं. हा पाठ एकट्याने करता येतो. पण पियानोवाल्याने ऐनवेळी यातला एखादा स्वर बदलला, ड्रम्सवाल्याने अपेक्षित जोर गाळला, तर काय करायचं, हे खोलीत बसून कळत नाही. जॅझची परीक्षा त्या क्षणी असते आणि ब्रिटनमधल्या वादकांनी तो क्षण रोज अनुभवता यावा म्हणून काय काय केलं, याची कथा मला फार मोलाची वाटते.

१९३५ पासून सुमारे वीस वर्षं अमेरिकन वादकांचे चमू ब्रिटनमध्ये जवळजवळ येऊच शकत नव्हते. दोन्ही देशांच्या वादक संघटनांचा तंटा आणि ब्रिटिश कामगार मंत्रालयाचं परवान्यांचं धोरण यांमुळे ही दारं बंद झाली होती. लंडनच्या तरुणांनी मग अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर नोकऱ्या धरल्या. रॉनी स्कॉट आणि जॉन डँकवर्थ ‘क्वीन मेरी’सारख्या बोटींवर नाचाच्या वाद्यवृंदात वाजवत न्यूयॉर्कला पोचत आणि बोट धक्क्याला असेल तेवढ्या वेळात बीबॉप हा तेव्हाचा नवा जॅझ ऐकून घेत. परतल्यावर ऐकलेलं आठवून, एकमेकांना वाजवून दाखवून ते पक्कं करायचं. डिसेंबर १९४८ मध्ये दहा वादक आणि एक व्यवस्थापक अशा अकरा जणांनी ग्रेट विंडमिल स्ट्रीटवर ‘क्लब इलेव्हन’ काढला. नाचायला आलेल्यांसाठी वाजवण्याऐवजी आपण जे शिकतोय तेच लोकांसमोर मांडायला त्यांना हक्काची जागा हवी होती. ३० ऑक्टोबर १९५९ रोजी स्कॉट यांनी जेरार्ड स्ट्रीटवरच्या तळघरात आपला क्लब उघडला. १९६५ मध्ये तो फ्रिथ स्ट्रीटवर गेला आणि आजही तिथे आहे. जुनं तळघर मात्र त्यांनी लगेच सोडलं नाही. भाडेकरार संपेपर्यंत ते तरुण वादकांना वाजवायला दिलं. ब्रिटिश जॅझच्या पुढच्या पिढीला त्या काही वर्षांनी फार काही दिलं.

याच क्लबात स्टॅन ट्रेसी यांची घडण झाली. १९६० पासून सुमारे सात वर्षं ते तिथले कायमचे पियानोवादक होते. बंदी सैलावल्यावर अमेरिकेतून सोनी रोलिन्स, बेन वेबस्टर यांच्यासारखे दिग्गज येत आणि ट्रेसी त्यांना साथ करत. प्रत्येकाची लय वेगळी, गाणी वेगळी, लहर वेगळी. आपल्या मैफलींत हार्मोनियमची साथ करणाऱ्या जाणत्या कलावंताला हे काम काय असतं ते सांगायला नको: पुढच्याच्या मनात काय आहे ते क्षणभर आधी ओळखायचं आणि तरी त्याच्या पुढे जायचं नाही. रात्रीमागून रात्र दुसऱ्याचं ऐकणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज पुसला जाईल अशी शंका कुणालाही येईल. घडलं उलटंच. १९६५ मध्ये डिलन थॉमस यांच्या ‘अंडर मिल्क वुड’ या श्राव्यनाट्यावरून सुचलेली त्यांची जॅझ रचनामाला ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातला पियानो टोकदार, थांबून थांबून बोलणारा आणि संपूर्णपणे त्यांचा आहे. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कामं इतकी आटली की पोस्टमनची नोकरी धरावी असा विचार त्यांनी केला होता. तो बेत मागे पडला आणि २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ते वाजवत राहिले. त्यांच्यावरचा लेख या संग्रहाच्या मध्यभागी ठेवला आहे, तो त्यांच्या साथीच्या वर्षांसाठी.

हॅरियट यांची वाट निराळी होती. किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये वाद्य शिकून ते १९५१ मध्ये ब्रिटनला आले. १९६० च्या सुमारास आजारपणामुळे रुग्णालयात असताना त्यांच्या मनात मुक्त जॅझची कल्पना आकाराला आली. त्यातून ‘फ्री फॉर्म’ आणि ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ या ध्वनिमुद्रिका झाल्या आणि दुसरीला अमेरिकेच्या ‘डाउनबीट’ मासिकाने पाच तारे दिले. कायम लय, ठरलेली धून, कॉर्डचा क्रम, बारांची मोजणी हे जॅझचे नेहमीचे घटक. यांतला किमान एक तरी प्रत्येक रचनेत टिकवायचा, बाकीचे सोडले तरी चालतील, अशी त्यांची भूमिका होती. शिकणाऱ्यासाठी यात मोठा धडा आहे. आज फक्त लय धरू, कॉर्ड सोडू. उद्या धून धरू, लय सैल करू. एकेक आधार काढून घेत गेलं की कोणता आधार आपल्याला खरोखर हवा आहे ते कळतं आणि कोणता निव्वळ सवयीने धरला होता तेही. त्यांच्या पंचकात सेंट व्हिन्सेंटचे कवी-ट्रम्पेटवादक शेक कीन होते, स्कॉटलंडचे पॅट स्माइथ होते, जमैकाहून ग्लासगोला इंजिनिअरिंग शिकायला आलेले कोलरिज गुड होते. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले हे लोक एकमेकांना इतकं जाणत होते, म्हणूनच त्यांना आधार सोडता आले.

त्याच काळात शेफील्डमधल्या ‘द ग्रेप्स’ या पबच्या वरच्या खोलीत डेरेक बेली, टोनी ऑक्सली आणि गॅव्हिन ब्रायर्स १९६३ ते १९६६ अशी वर्षं एकत्र वाजवत होते. रूढ जॅझपासून सुरुवात करून ते हळूहळू पूर्ण मुक्त वादनापर्यंत गेले. बेली यांनी पुढे उत्स्फूर्त वादनावर लिहिलेलं पुस्तक १९८० मध्ये आलं, त्यात भारतीय संगीताला मानाचं स्थान आहे. लंडनमध्ये ड्रम्सवादक जॉन स्टीव्हन्स यांनी १९६६ च्या जानेवारीत लिटल थिएटर क्लबमध्ये रात्रीच्या बैठका सुरू केल्या. स्टीव्हन्स यांचं मोठेपण असं की आपल्या चमूला जे उमगलं ते त्यांनी सर्वांना शिकवता येईल अशा पाठांत बसवलं. ‘सर्च अँड रिफ्लेक्ट’ हे त्यांचं पाठपुस्तक १९८५ मध्ये निघालं. एका पाठात प्रत्येकाने शक्य तितका छोटा आवाज काढायचा. दुसऱ्यात एका श्वासात पुरेल तितका लांब स्वर धरायचा. वाद्य नवं असो की जुनं, हे सगळ्यांना जमतं आणि म्हणूनच सगळं लक्ष शेजाऱ्याकडे जातं. शेजारच्याचा आवाज ऐकू येत नसेल तर आपण फार मोठ्याने वाजवतोय, हे या परंपरेतलं पहिलं शहाणपण. हे पाठ मी या संग्रहाच्या शेवटी माझ्या शब्दांत मांडले आहेत, कारण भजनी मंडळापासून कॉलेजच्या बँडपर्यंत कुणालाही ते करून पाहता येतील.

आता आपल्या माणसांकडे वळतो. जॉन मेयर कलकत्त्याचे अँग्लो-इंडियन. मुंबईत मेहली मेहता यांच्याकडे व्हायोलिन शिकून १९५२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. दिवसा वाद्यवृंदात पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवायचं आणि एरवी राग-ताल मनात ठेवून रचना करायच्या, अशी त्यांची अनेक वर्षं गेली. निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी हॅरियट आणि मेयर यांना एकत्र आणलं. पुढे १९९० च्या दशकात बर्मिंगहॅम कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये भारतीय संगीताचा पदवी अभ्यासक्रम उभा राहिला त्यामागे मेयरच होते.

केशव साठे यांचा प्रवास मला अधिक जवळचा वाटतो. मुंबईत जन्मलेले साठे १९५० च्या दशकात लंडनला गेले आणि हॅरियट-मेयर यांच्या चमूपुरते थांबले नाहीत. १९६७ मध्ये मोतीहार यांच्याबरोबर त्यांनी जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’साठी तबला वाजवला, तिथे समोर पियानोवादक इरेन श्वाइत्सर आणि ट्रम्पेटवादक मान्फ्रेड शूफ होते. १९७७ मध्ये जॉन रेनबर्न यांच्या ‘अ मेड इन बेडलम’ या ध्वनिमुद्रिकेत जुन्या इंग्रजी लोकगीतांना त्यांचा तबला लाभला. राग, मुक्त जॅझ, इंग्रजी लोकगीत या तिन्ही ठिकाणी ते शोभले. त्यांचं वादन आपण लक्ष देऊन ऐकावं. बोलांची गर्दी न करता शब्दाला, सुराला, शांततेला जागा ठेवणारी ही साथ मराठी घराघरांत माहीत व्हायला हवी होती, अशी माझी मनापासून तक्रार आहे.

मूळचे गोव्याचे, मुंबईत वाढलेले गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा हेही याच कथेतले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते लंडनला गेले आणि १९६९ मध्ये हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी ‘हम दोनो’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात नॉर्मा विन्स्टन शब्दांशिवाय गातात आणि डिसिल्वा यांची गिटार सतारीची नक्कल न करता भारतीय वळणं घेते. मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी जो जॅझ जोपासला, त्याची ही लंडनमधली शाखा म्हणता येईल. आजच्या पिढीत सारथी कोरवार आहेत. पुण्यात राजीव देवस्थळी यांच्याकडे तबल्याची तालीम घेऊन ते लंडनला गेले. तिथे त्यांनी उभ्या केलेल्या वादकसमूहाचं नाव ‘उपज कलेक्टिव्ह’ असं आहे.

हॅरियट १९७३ मध्ये हलाखीत, वयाच्या ४४ व्या वर्षी गेले. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते लिहायलाच हवं. नवी वाट काढणाऱ्या कलावंताला काम देणाऱ्या, शिकवायला बसवणाऱ्या, आजारपणात सांभाळणाऱ्या संस्था त्यांच्या भोवती नव्हत्या. पुढच्या पिढीतल्या काहींनी ही उणीव ओळखली. १९९१ मध्ये डबल बेसवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयरन्स यांनी ‘टुमॉरोज वॉरियर्स’ सुरू केलं. फी देऊ न शकणाऱ्या मुलांना, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांना आणि मुलींना, विनामूल्य शिक्षण आणि जाणत्यांच्या शेजारी बसून वाजवायची संधी असं त्याचं स्वरूप आहे. मुलं कानाने शिकतात, मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात आणि सगळे लवकरच लोकांसमोर वाजवतात. शबाका हचिंग्स, नुबाया गार्सिया, मोझेस बॉइड याच मुशीतून आले. ‘एझ्रा कलेक्टिव्ह’ हा चमूही तिथलाच. २०२३ मध्ये त्यांना ब्रिटनमधला मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळाला. जॅझ चमूला तो मिळण्याची ती पहिली वेळ. तो घेताना त्यांनी या संस्थेचे आणि तरुणांच्या क्लबांचे आभार मानले. ते औपचारिक नव्हते. त्या खोल्या नसत्या तर तो चमू जमलाच नसता.

ब्रिटनमधल्या मराठी पालकांशी मला इथे थेट बोलायचं आहे. आपली मुलं शाळेत सॅक्सोफोन किंवा पियानो शिकतात, शनिवारी भारतीय विद्या भवनात तबल्याला जातात, ग्रेडच्या परीक्षा चांगल्या गुणांनी देतात. परीक्षा जरूर द्याव्यात. हात त्यांनी तयार होतो. पण ग्रेड संपल्यावर वाद्य पेटीत जातं, असं अनेक घरांत घडतं. तसं होऊ नये म्हणून मुलाला आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायला मिळायला हवं. १९३२ पासून चालत आलेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात एखादी संध्याकाळ अशी का असू नये, जिथे सॅक्सोफोन, तबला, हार्मोनियम आणि ड्रम्स एकत्र बसतील आणि चूक झाली तरी कुणी थांबवणार नाही? हाच प्रश्न मी पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या संगीत मंडळांनाही विचारतो.

संग्रहाचे तीन भाग आहेत. पहिल्यात एकट्याच्या मेहनतीचे पाठ, दुसऱ्यात वर उल्लेखलेल्या वादकांची चरित्रं, तिसऱ्यात चमूने करायचे पाठ. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. मात्र प्रत्येक चरित्र वाचण्याआधी त्या वादकाचं निदान एक ध्वनिमुद्रण ऐकावं, आणि ते तीनदा ऐकावं: एकदा मुख्य वादकासाठी, एकदा फक्त डबल बेससाठी, एकदा ड्रम्स किंवा तबल्यासाठी. तिसऱ्या खेपेला संगीत निराळंच वाटू लागतं, कारण कोण कुणाला उत्तर देतंय ते कानाला दिसू लागलेलं असतं.

त्यानंतर वाद्य हाती घ्यावं, बारा बारांचा एक साधा ब्ल्यूज निवडावा आणि एका सोबत्याला बोलवावं. एक फेरी त्याने वाजवावी, एक आपण. आणि आपली फेरी त्याने जिथे वाक्य सोडलं तिथूनच सुरू करावी, हा एकच नियम पाळावा. पहिल्या काही आठवड्यांत आपल्याला सुचलेलं बरंच काही बाजूला ठेवावं लागेल. त्या ठेवण्यातून जे उरतं आणि पुन्हापुन्हा वर येत राहतं, ते आपलं असतं. ट्रेसी, हॅरियट आणि साठे याच रीतीने मोठे झाले, आणि ही रीत कुणाही कष्टाळू वादकाला खुली आहे, हे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.